टोपीतली खारुताई

भालकीत मी राहते त्या घराला लागून तेलुगू बोलणारं एक कुटुंब आहे. दुपारी त्यांचा टीव्ही लागला की माझा कामातला हात थांबतो. शब्द कळत नाहीत, पण त्या न कळणाऱ्या शब्दांवर एक दुसरा आवाज चढतो. मराठी, खट्याळ, परकरातल्या पोरीचा. तो माझ्या अक्काचा. अक्का धडधाकट आहे, हद्दीपलीकडे सासरी नांदते. तिचा तो आवाज मात्र आता जगात कुठंच नाही, आणि त्याचं कारण मी आहे.

आमचं गाव औराद तालुक्यात, तेलंगणाला चिकटलेलं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, अप्पांनी शेती धरली. शाळेत कानडी, घरात मराठी, आणि केबलची तार पलीकडून ओढलेली, म्हणून कार्टून तेलुगूत. गल्लीत टीव्ही आमच्याकडंच. शाळा सुटली की आठ-दहा पोरं पायातली धूळ झटकत येऊन बसायची. कुणाला ओ की ठो कळायचं नाही. सगळी अक्काच्या तोंडाकडं बघायची.

त्या कार्टूनमध्ये एक लंगडं अस्वल होतं आणि त्याच्या टोपीत एक खारुताई राहायची. अस्वलानं तोंड उघडलं की अक्का खर्जात बोलायची, अगदी आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यासारखी. खारुताई तर नुसती हसली तरी अक्का तिच्या तोंडी लांबलचक भाषण घालायची. "कामून रडायलास रे लंगड्या? पाय मोडलाय, वाट मोडली न्हाई!" पोरं लोळून हसायची. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता हसायची. अप्पा दारात घोंगडीवर बसून म्हणायचे, "पोरीला तेलुगू कसं येतंय बघा."

अक्काला तेलुगू येत नव्हतं. एक अक्षर येत नव्हतं.

हे फक्त मला कळलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत जुनाच भाग पुन्हा लागला, अस्वल नदीत पडतं तो. पहिल्या वेळी अक्काच्या सांगण्यात ते हरवलेल्या बहिणीला शोधायला निघालं होतं. या वेळी ते गूळ चोरून पळत होतं. मी चटकन अक्काकडं पाहिलं. तिनं पाहिलं की मी पाहिलंय. तिनं डोळा मारला आणि खारुताईला आणखी जोरात बोलायला लावलं. मी कुणाला सांगितलं नाही. एवढी मोठी गोष्ट फक्त आम्हा दोघींची होती, त्या आनंदात मी कितीतरी दिवस फुगून होते.

अक्काची बारावी झाली आणि पलीकडून स्थळ आलं. आमच्याच समाजातलं, दूरच्या नात्यातलं. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "पोरीला तेलुगू येतं का? आमच्या घरात बायकांना दुसरं काय येत न्हाई." बघायच्या कार्यक्रमात पोरीनं फक्त नाव आणि शिक्षण सांगायचं, बाकीचं घरच्यांनी. अप्पा म्हणाले, "टीव्हीवरचं समदं समजावून सांगती." मग खात्री करायला माझ्याकडं वळले. "व्हय का गं?"

मी दारात उभी होते. आतल्या खोलीच्या खिडकीत गल्लीतली पोरं चेहरे लावून होती. नाही म्हटलं असतं तर एवढी वर्षं आपण खोटं ऐकलं हे त्यांना कळलं असतं. माझ्या अक्काची फजिती झाली असती. खरं सांगायचं तर माझीही झाली असती. पदराखालून अक्का माझ्याकडं बघत होती.

"येतं की! लई येतं!" मी म्हणाले.

लग्नानंतर पहिल्या पंचमीला ती माहेरी आली. झोक्यावर बसली, पण झोका घेतला नाही. सासूनं पाणी मागितलं की ती चूल फुंकायची, चूल म्हटलं की झाडू उचलायची. तिकडं सगळ्यांना वाटायचं, येतं म्हणून सांगून आली आणि मुद्दाम ऐकत नाही. मगरूर आहे, असं म्हणायचे. ही नुसती हसायची, तर त्याचाही राग यायचा. हे सगळं तिनं आईला सांगितलं, मला नाही. मी दाराआड होते. गल्लीतल्या पोरांनी टीव्ही लावून हाका मारल्या. ती आली, बसली आणि गप्प राहिली. अस्वल तेलुगूत बोलत राहिलं. एकेक पोर उठून गेलं.

यंदा माझ्या मुलीच्या वाढदिवसाला अक्का आली. आता ती तेलुगू फडाफडा बोलते, मराठी बोलताना मध्ये अडखळते. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी मोबाइलवर ते जुनं कार्टून शोधून काढलं. तेलुगूतच सापडलं. मुलगी मावशीला टेकून बसली.

"मावशी, अस्वल काय म्हणतंय?"

अक्कानं कान दिला आणि सरळ आवाजात सांगितलं, "पूल मोडलाय म्हणायलंय. खाली उतर म्हणायलंय."

एवढंच. त्या अस्वलाला बहीण नव्हती, गूळ नव्हता, काहीच नव्हतं.

मला राहवलं नाही. "अक्का, मला ठाऊक होतं. तुला येत न्हवतं ते."

"व्हय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"तरी मी व्हय म्हणाले."

"मी तुझ्याकडं बघत व्हते," अक्का म्हणाली. "समद्या घरात तुला एकटीलाच ठाऊक व्हतं. तू न्हाई म्हणशील म्हणून वाट बघत व्हते."

माफी मागायचीही लाज वाटली. पडद्यावर टोपी हलली, खारुताईनं डोकं बाहेर काढलं. मुलीनं मावशीचा हात ओढला.

"आणि ही? ही काय म्हणतेय?"

अक्कानं थोडा वेळ नीट ऐकलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "नुस्ती हसायलीय."