थंड शेकाची जादा खेप

"मॅडम, तुमी सांगितलं तसंच केलं," यमुना म्हणाली आणि भिंत धरून खुर्चीवर टेकायला गेली. टेकता येईना. चार दिवसांपूर्वी ती माझ्या ओपीडीत चालत आली होती. आज तिला दोघींनी धरून जीपमधून उतरवलं होतं.

मी जव्हारजवळच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पाठ, कंबर, गुडघे हा माझा रोजचा बाजार. पाठीच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही, आणि हे चारचौघांत ऐकवायलाही चुकत नाही.

यमुना सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढताना पाय घसरला आणि पाठीत उसण भरली. नस दबलेली नव्हती, पायाला मुंग्या नव्हत्या. स्नायू ओढला गेला होता, ज्याला आम्ही स्ट्रेन म्हणतो. अशा ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस थंड शेक द्यायचा, म्हणजे ठणका आणि सूज आवरते. गरम शेक त्यानंतर, आखडलेला स्नायू सैल करायला. लोक नेमकं उलटं करतात, पडल्या पडल्या गरम वीट लावतात. पाड्यावर बर्फ मिळणार नाही एवढी अक्कल मला होती. म्हणून मी सांगितलं, टॉवेल गार पाण्यात बुडवून ठेवायचा, दिवसातून पाच वेळा, दर वेळी ताजं पाणी. आणि वजन उचलायचं नाही.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी केस पेपर पाहिला. "ऐकलं नसणार हिने. एमआरआयला ठाण्याला पाठवू."

"थांबा सर, विचारते. यमुना, वजन उचललंस?"

"पानी आनलं."

"का?"

"तुमचा टावेल भिजवाया. घरातलं पुरं नाय. म्हून रोज एक खेप जादा."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो इलाज माझ्या सहीचा होता.

घरात दुसरं कोण? नवरा वसईला बांधकामावर. उरली सासू, ती दाराशीच उभी होती. "मी जाते म्हनते तर ही जाऊ देत नाय," ती म्हणाली.

"तिला धड दिसत नाय, मॅडम," यमुना म्हणाली. "विहिरीच्या पायऱ्या मोडल्यात. मी नाय उठले तर ही उतरंल."

म्हणजे मला दोन बायका वाचवायच्या होत्या. मी यमुनाला पुन्हा तपासलं. नस अजूनही मोकळी होती, ठाण्याची गरज नव्हती. पण दुखापत पुन्हा ताजी झाली होती, म्हणजे थंड शेक पहिल्यापासून. पाण्याशिवाय गार काय आणायचं, असं मी मोठ्यानेच म्हणाले.

"मडक्याखालची वालू चालंल का?" सासूने विचारलं. "थंडगार असती."

मडकं पाझरतं, खालची वाळू दिवसभर ओली राहते. एक थेंबही जास्त लागत नाही. मी चौदा वर्षं दवाखान्यातल्या तसल्याच मडक्यातलं पाणी पीत आले, खाली कधी बघितलं नाही.

जुन्या पातळाच्या तुकड्यात ती वाळू बांधून पंधरा मिनिटं पाठीला. तीन दिवसांनी तीच वाळू तव्यावर कोमट करून, आधी आपल्या मनगटाला लावून बघायची, मग पाठीला. सोबत थोडं चालणं आणि दोन सोपे व्यायाम. पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीने शेजारणींना गाठून रोज एकेक हंडा यमुनाच्या दारात ठेवायला लावला. सासूला मी दम दिला, विहिरीकडे फिरकायचं नाही. ती हसली फक्त.

तीन आठवड्यांनी यमुना चालत आली. बसली, उठली, वाकून दाखवलं. सासू विहिरीत उतरली नव्हती. साहेबांनी विचारलं, "काय ट्रीटमेंट दिलीत?" मी म्हटलं, "सासूची."

आता माझ्या केस पेपरवर 'कुठे दुखतं' याच्या वर मी हाताने एक ओळ लिहिते: पाणी कोण आणतं?