खुर्चीच्या पोटातलं सामान

सोफेवालीच्या वाटेला जाऊ नये, हे तिच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जुने सोफे आणि खुर्च्या उसवून नव्याने भरून द्यायचा तिचा धंदा. हात सफाईदार, जीभ तिखट, आणि डूख धरावा तर तिनेच. एकदा एका बाईने तिला जिन्यातच ताटकळत ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. सोफेवाली हसतमुखाने परतली. सोफा झाला देखणा, पण त्या बाई आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात टेकल्या की आतली स्प्रिंग असा काही आवाज काढायची की पाहुणे छताकडे बघत बसायचे. बाईंनी दुसरे कारागीर आणून पाहिले. कुणाला काही सापडलं नाही.

तर अशा ह्या सोफेवालीच्या धाकट्या बहिणीला सासरी तिच्या थोरल्या दिराने पुन्हा अंथरुणाला खिळवलं होतं.

धाकटीला नैराश्याचा आजार, आणि तोही हट्टी. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, तरी ही आपली भिंतीकडे तोंड करून पडलेली. केससुद्धा सोफेवालीने जाऊन विंचरायचे. मग एक नवी डॉक्टरीण भेटली. तिने गुलाबी गोळी सुरू केली, चांगली वाट पाहिली, आणि थोडाच फरक दिसला तेव्हा जोडीला माशाच्या तेलाची कॅप्सूल आणि एक व्हिटॅमिन दिलं. "हे गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही," तिने बजावलं. "काहींना उपयोग होतो, काहींना नाही. बघू या." धाकटीला झाला. ती उठून बसायला लागली, मग स्वयंपाकघरात आली, आणि एक दिवस भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून बहिणीशी कडाकडा भांडली. त्या दिवशी सोफेवाली घरी जाऊन आनंदाने रडली.

इथे त्याच घरात राहणाऱ्या थोरल्या दिराने नाक खुपसलं. शक्तीच्या पावडरींचे डबे विकायचा त्याचा उद्योग, म्हणून सगळे त्याला टॉनिकसाहेब म्हणत. बोलणं लोण्यासारखं मऊ.

"साधी गोष्ट आहे," तो धाकटीच्या नवऱ्याला म्हणाला. "गोळ्या खाऊन खाऊन काही झालं नाही. व्हिटॅमिन पोटात गेलं आणि बाई उठली. मग ते विष कशाला चालू ठेवायचं? आमचा डबा दे. त्यात सगळं आहे."

आणि नवरा कसला, थोरल्या भावापुढे मान हलवण्यापलीकडे त्याने आयुष्यात काही केलेलं नव्हतं. गोळी बंद झाली. सोफेवालीला कळेपर्यंत धाकटी पुन्हा भिंतीकडे वळली होती, आणि पुढे तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. जीव वाचला एवढंच. ती तिथे असताना इकडे टॉनिकसाहेबाच्या दिवाणखान्यात तिचा मोठा फोटो लागला होता, मीठ जास्त झालं तेव्हाच्या दिवसांतला, हसरा. खाली लिहिलं होतं, 'गोळीला रामराम!'

सोफेवालीने तो फोटो पाहिला आणि ती हसतमुखाने परतली. तिला ओळखणाऱ्यांनी तेव्हाच ताडलं, आता ह्याचं काही खरं नाही.

टॉनिकसाहेबाला मात्र तिचा स्वभाव ठाऊक नव्हता. मोठी सभा भरायची होती आणि भाषणाला बसायची त्याची खुर्ची खचली होती. "ताई, तुम्ही म्हणजे घरचं माणूस," तो म्हणाला. "खुर्ची नवीकोरी करून द्या."

"देते की," सोफेवाली गोड हसली.

तिच्या डोक्यात स्प्रिंगच होती. पण खुर्ची उसवली, तिच्या हातांजवळच्या खाचेत बोटं घातली आणि ती जागच्या जागी थांबली. खुर्च्यांच्या पोटात काय काय निघतं, कंगवे, चमचे, पेनांची टोपणं. ह्या खुर्चीत त्यांच्याखाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खोल कोंबलेल्या होत्या. नाव वाचायचीही गरज नव्हती. तीच गोळी, धाकटीची. एका पट्टीत एक गुलाबी गोळी अजून शिल्लक होती.

तिच्या धंद्यात एक रीत होती. सापडेल ते पिशवीत घालून मालकाच्या हातात द्यायचं, न बोलता. कुणाच्या घरातलं काय निघालं ह्याची वाच्यता करायची नाही. ही रीत तिने कधी मोडली नव्हती.

सभेच्या दिवशी खुर्ची पोचली. दिवाणखाना माणसांनी गच्च भरलेला. टॉनिकसाहेब नव्या रेक्झिनवर ऐटीत बसला आणि फोटोकडे हात करून म्हणाला, "ही माझी भावजय. गोळ्या फेकल्या आणि आज बघा!"

"भाऊजी," सोफेवाली पुढे झाली, "खुर्चीतलं सामान ताब्यात घ्या. नंतर कटकट नको."

कंगवा ठेवला, टोपण ठेवलं, मग एकेक पट्टी डब्यांच्या रांगेपुढे मांडली. "माझी बहीण हीच गोळी घेते. हॉस्पिटलातून थेट माझ्याकडे आली, तेव्हापासून पुन्हा घेते. पण ह्या घरात आता कोण घेतं?"

"जुन्या असतील. पाहुण्यांच्या वगैरे..."

"तारीख वाचू? बहीण इथून गेल्यानंतरची आहे."

दारात त्याची बायको पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. "मी तर घेत नाही," ती चाचरत म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

टॉनिकसाहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. "मी घेतो," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांगा. मागे ऐकू गेलं नाही."

"मी घेतो! बरीच वर्षं घेतो!"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सोफेवाली गर्रकन वळली. "गोळी घेतो म्हणून हसायचं नाही. स्वतः घेतो आणि दुसऱ्याची सोडवतो, त्याला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा."

मागून बस कंडक्टरच्या गणवेशातला एक माणूस उठला. "साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून मी आईची गोळी बंद केली. आता ती जेवतही नाही. मी काय करू?"

टॉनिकसाहेब डब्यांची रांग सरळ करायला लागला.

"आत्ताच्या आत्ता तिच्या डॉक्टरला फोन कर," सोफेवाली म्हणाली. "ह्यांच्याशी भांडण नंतर." तिने भिंतीवरचा फोटो उतरवला, काखेत मारला आणि ती निघाली. तिला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. फिटांफाट झाली, आता विषय संपला, असं तिने वाटेत स्वतःला सांगूनही टाकलं.

घरी धाकटी खिडकीपाशी बसली होती. सोफेवालीने सगळं रंगवून सांगितलं, त्याचं पुटपुटणंसुद्धा नक्कल करून दाखवलं. धाकटी हसली नाही.

"ते माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे गं ताई," ती म्हणाली. "मला वाटायचं, ह्या घरात मी एकटीच अशी. लाज वाटायची, म्हणून तर गोळी सोडायला तयार झाले. त्यांनी एकदा, नुसतं एकदा सांगितलं असतं, की मीही घेतो..."

सोफेवालीने तिला जवळ घेतलं. फिटांफाट कसली नि काय. त्या माणसाला माफी नाही, हे तिने तिथेच ठरवलं, आणि तिने ती आजतागायत दिलेली नाही.