बाबाच्या चाकूची मूठ

माझ्या बाबाला एक चाकू घ्यायला आम्हाला दीड महिना लागला. मला नवरा बघायला त्याला एक दुपार पुरली होती. हे मी त्याला चाकू शोधतानाच ऐकवलं, तर म्हणाला, नवऱ्याची मूठ कुठं बघावी लागते.

बाबा पेणच्या खाडीकडचा, सगळा जन्म मिठागरात गेलेला. आमच्याकडे बापाला अरे-तुरे करतात. रोह्याला माझ्या सासरी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंच्या हातातलं ताट पडायचं तेवढं राहिलं होतं. ती सवय मला मोडता आली नाही, आणि आता या वयात मोडायचीही नाही. म्हणून इथेही बाबा म्हणजे 'तो'च.

आई गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी भरतीनं बांध फुटला आणि मिठागरात चिखल भरला. मालकानं काम बंद केलं. खाडीकाठच्या त्या दोन खोल्यांत बाबा एकटा राहिला. मी त्याची एकुलती एक. आमचे हे तेव्हा धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जात. मी काही न बोलताच हे एका सुट्टीला गेले आणि बाबाला एसटीत बसवून घेऊन आले. मी यांचे कधी आभार मानले नाहीत, तशी आमच्यात पद्धतही नाही. पण पुढे मी यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

बाबा आला खरा, पण राहायला म्हणून आला नाही. लेकीच्या घरी बापानं काही मागायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि बाबा ती इतकी पाळायचा की मला वीट यायचा. पाणी पुढ्यात ठेवलं तर प्यायचा, नाही ठेवलं तर त्याला तहानच नसायची. चहा अगोड झाला तरी चांगला हाय, भातात खडा लागला तरी चांगला हाय. माझ्या हातचं जेवण इतकं चांगलं नाही हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी जास्तच चिडायची.

त्याचं स्वतःचं म्हणून एकच होतं, एक जुना मिटवायचा चाकू. दातवणाची काडी तासायला तो, सुतळी कापायला तो, पेरू कापायलाही तोच. पुढचे दात गेलेले, त्यामुळे फोडी केल्याशिवाय त्याच्या पोटात फळ जाणं शक्य नव्हतं. रोह्याला येऊन पंधरा दिवस होतात न होतात, तो कुंडलिकेवर हातपाय धुवायला गेला आणि चाकू कमरेचा निसटून पाण्यात गेला. त्या दिवसापासून बाबानं फळ सोडलं. मी हातात पेरू द्यायची, तो घटकाभर धरून बसायचा आणि परत टोपलीत ठेवायचा. कापून दिला तर पोट भरलेलं असायचं. विळी मागितलीस तर जीभ झडेल का, असं मी विचारलं. त्यावर त्यानं अगदी सावकाश सांगितलं, की शिमगा झाला की मी खाडीवर परत जाणार.

"सोताचं फळ कापाया दुसरा मानूस लागतो, तिथं मी कशाला राहू गो?"

तिकडे होतं काय? फुटका बांध, आणि उधाणाला उंबऱ्याला लागणारं पाणी. तिथं त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर मला चार दिवसांनी कळलं असतं. मला तो माझ्याजवळ हवा होता, एवढंच. मग मी ठरवलं, शिमग्याच्या आत याच्या हातात याचा चाकू पडलाच पाहिजे.

चाकू म्हटल्यावर आमचे हे पुढे सरसावले. कंपनीतल्या माणसाला एक खोड असते. त्याला जगातली कुठलीही वस्तू दाखवा, त्यावर अ‍ॅसिड सांडलं तर काय होईल हे तो आधी बघणार. बाबा काय त्या चाकूनं अ‍ॅसिड कापणार होता? पण नाही. मूठ प्लास्टिकची किंवा फायबरचीच हवी, ती गंजत नाही, फुगत नाही, वाफेला दाद देत नाही, असं त्यांनी मला भाकरी थापताना तीनदा सांगितलं. मला स्वतःला पितळेची नक्षीवाली मूठ आवडली होती, कारण ती दिसायला छान होती. याहून चांगलं कारण मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

रोह्याच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानात चाकू मिळायचे. यांच्या सुट्टीला आम्ही तिघं तिथं गेलो. बाबानं पितळी मुठीचा चाकू मिटलेलाच हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि मग चक्क मुठीला जीभ लावली. मिठागरात पाणी किती खारलं, मीठ कधी धरणार, हे सगळं जिभेवर ठरतं. पन्नास वर्षं त्या जिभेवर पोट भरलेला माणूस तो, तिच्यावाचून त्याचा कशावरच विश्वास नव्हता. दुकानदार बघतच राहिला. बाबानं चाकू खाली ठेवला आणि सांगितलं, घामट हातात पितळ हिरवं पडतं, ह्यानं काकडी कळकेल. झालं, माझी नक्षी बाद.

पुढच्या सुट्टीला शिंगाच्या मुठीची पाळी. शिंग अस्सल आहे का हे बघायला यांनी खिशातून काडेपेटी काढली. खरं शिंग जळलं की केस जळल्यासारखा वास येतो म्हणे. वास आला खरा. तो शिंगाचा होता की यांच्या मनगटावरच्या केसांचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. दुकानदारानं मात्र हात जोडले आणि आम्हाला बाहेरची वाट दाखवली. बाबा रस्त्यात म्हणाला, बरं झालं, शिंग उन्हानं तडकतं. त्यानंतर दुसऱ्या दुकानात लाकडी मूठ बघितली, तर लाकूड दमट हवेत फुगतं. यांच्या आवडीची लाल प्लास्टिकची दाखवली, तर ती जत्रेतल्या खेळण्याची. आमचे हे दोन दिवस बाबाशी बोलले नाहीत, आणि बाबाला ते कळलंसुद्धा नाही.

असं करत शिमगा आठ दिवसांवर आला. पेणला गणपतीच्या कारखान्यांना हत्यारं पुरवणारं एक दुकान आहे, तिथं सगळ्या तऱ्हेचे चाकू असतात, असं कुणीतरी सांगितलं. यांची पहिली शिफ्ट होती, म्हणून बाबाला घेऊन मी एकटीच एसटीनं गेले. खरं सांगायचं तर काडेपेटी घरी राहिली याचं मला बरंच वाटलं.

पेणचा दुकानदार सोशिक होता. त्यानं एकेक करून सात चाकू मांडले. कारागीर लाकडी मूठच नेतात, शाडूनं ओल्या झालेल्या हातातून ती निसटत नाही, हेही समजावलं. बाबानं लाकडाला जीभ लावली आणि पॉलिश कडू हाय असं जाहीर केलं. मग शिंग जड, मग पितळ थंड, मग हाड पिवळं पडणार. माझं डोकं फिरलं. मी त्या सातांतला एक उचलून त्याच्या हातात कोंबला आणि म्हटलं, मूठ गेली खड्ड्यात, तू आधी पातं उघडून बघ.

तोंडातून हे गेलं आणि माझ्याच लक्षात आलं, की दीड महिन्यात आम्ही एकाही चाकूचं पातं उघडलेलं बघितलं नव्हतं. तिघं शहाणे नुसते मुठीवर भांडत होतो.

बाबानं दुकानदाराकडे पाठ केली. पात्याला नख अडकवायची बारीक खाच असते, तिच्यावर त्यानं अंगठा ठेवला आणि ओढला. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. त्या अंगठ्याला नख म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. मिठाच्या पाण्यानं खाऊन खाऊन कडेला एक चिरफळी तेवढी राहिली होती, दुसऱ्या हाताचंही तेच. ते हात मी जन्मल्यापासून बघत आले होते, त्या हातांनी मला भरवलं होतं, आणि मला हे दिसलं नव्हतं. त्याचा जुना चाकू वापरून वापरून इतका ढिला झाला होता की मनगटाच्या एका हिसक्यानं उघडायचा, नखाचं कामच नव्हतं. नवा कोरा घट्ट चाकू त्याला उघडणार नव्हता, मूठ सोन्याची असली तरी. पहिल्या दिवसापासून त्याला हे माहीत होतं. म्हणून बिचारा प्रत्येक मुठीत खोड काढत बसला होता.

मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी चिडले. मला तेवढंच येतं. त्याच्या हातातून चाकू ओढून घेतला आणि दुकानदाराला म्हटलं, कसले घट्ट चाकू ठेवता हो तुम्ही? भांडी घासून घासून माझी नखं झिजली, मला हा उघडत नाही, आणि घरात शेवटी कापाकापी मीच करणार. ढिल्या पात्याचा काही असेल तर दाखवा.

दुकानदार म्हणाला, बाई, लोक घट्ट मागतात, ढिला मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या. मग त्यानं खालच्या खणात हात घालून एक चाकू काढला. खिळा सैल म्हणून गिऱ्हाईकानं परत आणून टाकलेला होता. मूठ लाल प्लास्टिकची.

बाबानं तो घेतला आणि मनगटाला हिसका दिला. पातं टक्कन बाहेर आलं. त्यानं मिटवलं, परत हिसका दिला. असं चार वेळा झालं. जीभ लावली नाही.

"मूठ चांगली हाय," तो म्हणाला. वर दुकानदाराला ऐकवलं, की प्लास्टिक गंजत नाय, फुगत नाय, आमच्या जावयाचं पयल्यापास्नं तेच म्हननं होतं. हे ऐकायला नेमके आमचे हे तिथं नव्हते.

पेणच्या स्टँडवर बाबानं स्वतः जाऊन दोन पेरू घेतले. नागोठण्याला गाडी चहासाठी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर उतरले, आम्ही बसूनच राहिलो. बाबानं चाकू उघडला, पेरूवर टेकवला आणि तसाच थांबला.

"नखं तुझी शाबूत हायत गो," तो म्हणाला. "मना दिसतात."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

"बापाला पातं उघडत नाय, हे लेकीला कसं सांगू, म्हनून मुठी बघत फिरलो. आनि तू चार मान्सांत खोटं बोललीस माझ्यासाठी." मग उघडा चाकू आणि पेरू, दोन्ही त्यानं माझ्या हातात ठेवले. "मना काप हा."

माझ्याकडे आल्यापासून बाबानं मागितलेली ही पहिली गोष्ट. डोळे भरून आले होते, पेरू नीट दिसत नव्हता, तरी मी कापला. ड्रायव्हर चढला, गाडी हलली. बाबानं एक फोड तोंडात घातली, या गालातून त्या गालात बराच वेळ घोळवली.

"फोडी जाड केल्यास गो," तो म्हणाला. "उद्यापास्नं बारीक करत जा. शिमगा झाल्यावर बी."