जाळीचं सीट कव्हर

आमच्या ट्रॅक्टरच्या सीटला मी सायीच्या रंगाच्या लोकरीचं, चारी बाजूंनी झालर असलेलं जाळीचं कव्हर विणलं, हे आमच्या गावातच नाही तर कराडच्या दवाखान्यातसुद्धा ठाऊक आहे. लोक हसतात. हसू देत. पण का विणलं ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगते.

लेक माधवनगरला दिलेली. तीन वर्षांमागं तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. आपल्यात मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. आल्यावरसुद्धा आधी जुनं, वापरून मऊ झालेलं कापडच गुंडाळतात, नवं बारशाला. हे सगळं मला माहीत होतं. पण मी शहाणपणा केला. दोन टोपडी, पायमोजे, एक दुपटं, सगळं क्रोशानं विणून पेटीत भरून ठेवलं. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं, त्यात लोकरीचा काही संबंध नव्हता. पण ती पेटी पुन्हा कुणी उघडली नाही, आणि त्यानंतर लेक माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी माझ्या हातांकडं बघायला लागली.

यंदा पुन्हा दिवस गेले. पाचव्या महिन्यातच पडून राहायला सांगितलं म्हणून मी तिला घरी आणली. गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाली, "आई, घरात टोपडं दिसलं तर मी हितनंच माघारी जाईन. नवं न्हाई, जुनं बी न्हाई. फडकंसुद्धा काढून ठेवायचं न्हाई."

"न्हाई गं बाई, सुईला हात लावत न्हाई," मी म्हणाले. तेव्हा माझा हात पिशवीतल्या सुईवरच होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सांगितलं तर गप बसावं की. बसले. आठ दिवस बसले. मग वाटायला लागलं, आपण काहीच करत नाही म्हणजे आपणसुद्धा वाईटाचीच वाट बघत बसलोय. घरात पाच माणसांचा स्वयंपाक रांधायचा आणि सहावं ताट मनातसुद्धा मांडायचं नाही, असलं काहीतरी. शिवाय माझी बोटं आता वाकत नाहीत. पूर्वी पंधरा दिवसांत होणारं दुपटं आता चार महिने घेतं. मूल झाल्यावर सुरू केलं तर ते चालत येऊन माझ्या हातातनं ओढून घेईल.

मग केली सुरुवात. माजघरात, पाठ करून. तिसऱ्या दिवशी लेक उठून आली आणि दारात उभी राहिली.

"काय करतीस?"

माझ्या हातात साखळ्यांची वीतभर पट्टी. समोर खिडकी. खिडकीत आमचा ट्रॅक्टर.

"ट्रॅक्टरच्या सीटला कव्हर," मी म्हणाले.

देवाशप्पथ, तिथं म्हैस उभी असती तर म्हशीला झूल म्हणाले असते आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण नेमका ट्रॅक्टर होता. लेक बराच वेळ पट्टीकडं बघत राहिली. म्हणाली, "पांढऱ्या लोकरीचं?"

"पांढरी कुठाय? सायीच्या रंगाची हाय."

ती जाऊन पडली. मला वाटलं, निभावलं. पण ओट्यावर आमचे हे बसले होते, त्यांनी ते ऐकलं.

आमचे हे मिलिटरीतनं रिटायर. ट्रॅक्टर हा त्यांचा जीव. पोरांना कधी घातली नसेल एवढी आंघोळ त्याला घालतात. ते आत आले, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "लग्नाला इतकी वर्सं झाली," ते म्हणाले, "तू माज्यासाठी पैल्यांदा कायतरी इणतीस." आणि लगेच टेप आणून सीटचं माप घेतलं, कागदावर लिहून मला दिलं. खाली सहीसुद्धा केली.

आता सांगायचं कसं? सांगावं तर माणूस मोडून पडेल. आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत लेकीला कळणार. मी तो कागद ब्लाऊजमध्ये ठेवला आणि विणत बसले.

क्रोशा मी शिकले ते त्यांच्या नोकरीत, क्वार्टरमध्ये. शेजारी केरळकडची बाई होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती बोटं दाखवायची, मी बघायची. साखळी, खांब, मुका खांब, ही टाक्यांची नावं मला फार नंतर कळली, तोवर पिशव्या-रुमाल किती विणून झाले होते. त्यामुळं कागदावरचं माप बघून विणायचं मला जमतच नाही. हात जाईल तिकडं वीण जाते. आणि हात दुपट्याकडं जात होता.

महिनाभरात ते सीटपेक्षा मोठं झालं. शेजारी माझी धाकटी चुलत जाऊ राहते. ती रोज कायतरी मागायला म्हणून येते आणि बघून जाते. ती म्हणाली, "अक्का, सीट केवढी हाय वो तुमची? ह्याच्यात भाऊजी झोपतील की."

"बॉनेटवर बी जरा यायला पायजे," मी म्हणाले.

"आणि ही झालर?"

"धूळ उडू ने म्हणून."

"व्हय व्हय." ती पदर तोंडाला लावून निघाली आणि दारातनं ओरडली, "अक्का, ट्रॅक्टरचं बारसं कवा हाय ते सांगा. मी घुगऱ्या आणती!"

मी आतल्या दाराकडं बघितलं. आत लेक पडलेली. पण आतनं काही आवाज आला नाही.

आमच्या ह्यांनी तोवर सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. पारावर बसून सांगायचे, "मिसेसनं हँडमेड केलंय." कुणी चेष्टेनं म्हणायचं, "आबा, मग नांगराला गाऊन कवा?" तर हे गंभीर होऊन म्हणायचे, "फेज टू." माणसं बघायला यायची. मी लोकरीचा गुंडा मांडीखाली घेऊन बसायची, आणि एका ट्रॅक्टरसाठी एवढी नाजूक फुलं का, ह्याची उत्तरं द्यायची.

खंडेनवमीला आमच्याकडं ट्रॅक्टरची पूजा असते. हे म्हणाले, "आज चढवायचं." मी म्हणाले, अजून एक कड राहिलीय. ते म्हणाले, "कड चालू गाडीत करू." लेक आठव्या महिन्याचं पोट घेऊन ओट्यावर येऊन बसली होती. म्हणाली, "चढव की आई. बघू तर दे."

काय करता! घातलं. दुहेरी घडी घालून सीटवर पसरलं तरी झालर दोन्ही बाजूंनी चाकापर्यंत लोंबत होती. ह्यांनी त्याला हळद लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला. पाणी उडालं. कोपऱ्यातल्या फुलावर कुंकवाचा हा एवढा डाग पडला. मी वर बघितलं तर लेक हसत होती. तीन वर्षांत मी तिचे दात बघितले नव्हते. मग मीसुद्धा हसले, आणि हसताना रडले. ह्यांना वाटलं, कव्हर छान बसलं म्हणून.

पुढं दुसरंच त्रांगडं. हे त्याच्यावर बसायलाच तयार नाहीत. "एवढ्या नाजूक कामावर बसायचं कसं?" म्हणून वर युरियाचं पोतं टाकायचे आणि पोत्यावर बसायचे. ऊस भरायला जाताना कव्हर, कव्हरावर पोतं, पोत्यावर हे. दर आठ दिवसांनी मी ते काढून धुवायची, उन्हात वाळवायची. धुऊन धुऊन ते सायीसारखंच मऊ पडलं. लेक दोरीवर वाळताना बघायची, हात लावायची नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी लेकीला तपासायला म्हणून कराडला नेली. मी आणि जाऊ बरोबर. साधी तपासणी, म्हणून पिशवीत फाईल आणि पाण्याची बाटली, बस. तिथं बघितलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरी नाही जायचं. तासाभरात मुलगी झाली. आतनं तिच्या रडण्याचा आवाज आला आणि मी हात जोडले.

तेवढ्यात नर्स बाहेर. "बाळाला गुंडाळायला काय आणलंय? द्या."

काहीच आणलं नव्हतं. लेकीची ताकीद! जाऊ म्हणाली, "अक्का, फाडा पदर." मी फाडायलाही लागले, पण नवीन पातळ, फाटेचना. ती म्हणाली, "मी समोरच्या दुकानातनं टॉवेल आणती." मी म्हणाले, "नवा नको!" आमची ओढाताण चाललेली. नर्स आत जाऊन परत आली. तिचा चेहरा कसानुसा झालेला.

"मावशी, पेशंट म्हणतायत, ट्रॅक्टरचं सीट कव्हर आणा. इंजेक्शनमुळं बरळत असतील का?"

"न्हाई," मी म्हणाले, "शुद्धीत हाय ती."

ह्यांना फोन लावला. आदल्या दिवशीच धुतलं होतं, ते दोरीवर होतं. "आवं, नात झाली. दोरीवरचं सीट कव्हर घेऊन या."

पलीकडनं आधी नाक शिंकरल्याचा आवाज. मग, "आणि सीटला?"

"पोतं हाय की!"

अर्ध्या तासात हे दवाखान्याच्या दारात. गाडी मिळाली नाही म्हणून ट्रॅक्टरवरच आलेले. कव्हराची मिलिटरीसारखी चौकोनी घडी, दोन्ही हातांवर धरलेली, वर काही ठेवायचं राहिलंय अशी. नर्सनं वास घेतला. "डिझेलचा वास येतोय."

"दे हिकडं," आतनं लेक म्हणाली. "नवं न्हाई ते. चालतंय."

तिनं स्वतःच्या हातानं पोरीला गुंडाळलं. कुंकवाच्या डागाचा कोपरा बरोबर छातीवर आला. मग कापडाला नाक लावून म्हणाली, "आबांचा वास येतोय." आणि पहिल्यांदा, माझ्या हातांकडं न बघता, माझ्या तोंडाकडं बघितलं. एवढंच. तिला कधीपासून कळलं होतं, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आमचे हे दारातच उभे. बराच वेळ बाळाकडं बघून म्हणाले, "माप बरोबर बसलं."

"तुमी दिलेलंच माप," मी म्हणाले.

"सीटला जरा मोठंच होत होतं म्हणा," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.

त्यांना मी नंतर खरंखुरं कव्हर विणून दिलं, हिरवं, सीटएवढंच. त्याच्यावरही पोतं टाकूनच बसतात.

आणि परवा जाऊ आली. काही मागितलं नाही, नुसती बसली. मग म्हणाली, "अक्का, आमच्या बी ट्रॅक्टरला एक कव्हर पायजे हुतं."

"तुमच्याकडं ट्रॅक्टर कुठाय?"

"घ्यायचा ठरलाय."

मागच्या दारी तिची सून उभी होती, एक हात कमरेवर ठेवून. मी तिकडं बघितलं नाही. पिशवीतनं सायीच्या रंगाचा गुंडा काढला आणि विचारलं, "केवढी हाय म्हणावी सीट?"

जावेनं दोन्ही हात कोपरापासून पसरून, मूल घेतल्यासारखं माप दाखवलं.