दोन पानांवर पसरलेले डोळे

"हसू नको," गुरुजी म्हणाले. मी हसणं थांबवलं. तरी फोटोवाल्याचं समाधान होईना.

आश्रमशाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ मला उभं केलं होतं. अंगातला गणवेश उतरवून कुणाचा तरी फाटका फ्रॉक घालायला लावला होता. शहरातून आलेला माणूस कॅमेऱ्यातून बघायचा आणि मान हलवायचा. शेवटी तो वैतागून गुरुजींना म्हणाला, "डोळे पाहिजेत मला. हिच्या डोळ्यांत काहीच येत नाही."

गुरुजी खालच्या सपाटीवरचे. मराठी फळ्यापुरती, बाकी सगळं अहिराणीत. ते माझ्याजवळ आले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुन्ही माय मरी गई. ऊसतोडीवर. आतेच निरोप उना."

कॅमेरा वाजला. वाजतच राहिला.

आई तेव्हा गुजरातेत ऊस तोडत होती. दिवाळीनंतर गेली होती ती. मी ओरडले नाही. रडलेही नाही. पायांवरून काहीतरी गरम खाली गेलं आणि मातीत मुरलं. ते बघून फोटोवाला नाक मुरडून मागं सरला. "झालं," तो म्हणाला. मग गुरुजी हसले. "अवं, खोटं शे. जाय, खेळ."

मी खेळायला गेले नाही. खरं कोणतं आणि खोटं कोणतं, मला कळेना. कुणाला विचारावं तर उत्तर काय येईल याची भीती. होळीला आई परत येईपर्यंत ती माझ्यासाठी रोज रात्री मरत होती. गुरुजींना एकच शब्द खर्चावा लागला. मला तो सगळा हिवाळा पुरला.

मग एक दिवस मासिकातली दोन पानं शाळेच्या ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये लागली. समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानभर माझा चेहरा, घडी ओलांडून उजवीकडेही आलेला. डोळे माझ्या तळहाताएवढे मोठे. बाजूला लाल अक्षरांत भुकेबद्दल काहीतरी. खाली बारीक ओळ, उपासमारीनं खोल गेलेल्या डोळ्यांची. फोटोच्या दिवशी सकाळी मी खिचडी दोनदा मागून घेतली होती. ते कुणी छापलं नाही.

पाहुणे आले की गुरुजी फ्रेम दाखवायचे. पोरं मला "ए भूक" म्हणून हाक मारायची. सुट्टीला आई न्यायला आली, तेव्हा ती फ्रेमसमोर उभी राहिली. आईला वाचता येत नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि आमच्या पावरी बोलीत मला म्हणाली, "ही कुणाची पोर? हिला कुणी एवढं भेवडावलं?"

आईनं मला ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

मी शिकले. कशी शिकले ती वेगळी रड आहे, इथं नको. कॉम्प्युटरवर पानं लावायला शिकले आणि नंदुरबारला एका मासिकाच्या ऑफिसात लागले. ऑफिस मिरची वाळवायच्या पथाऱ्यांच्या बाजूला. वारा फिरला की सगळे शिंकायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. मला ते बरं वाटायचं. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी.

मी तिथं डोंगरातली म्हणून कुणाला दिसू नये याची काळजी घ्यायची. स्वच्छ मराठी बोलायची. फोनवर आईशी बोलायचं तर जिन्याखाली जायची. सतत एक धाकधूक. चहाचा कप जरा जोरात ठेवला गेला तरी वाटायचं, आता म्हणतील, हे असलेच.

सर, म्हणजे संपादक, मला स्वतः शिकवायचे. शिकवण्यात हातखंडा होता त्यांचा, हे कबूल करते. "एकेक पान लावणं कुणालाही येतं," म्हणायचे. "समोरासमोरची दोन पानं एक करणं, हे खरं काम. माणूस पानं उलटत असतो. अंगठा सुटलेला असतो त्याचा. तो अंगठा तिथं अडला पाहिजे." मग दाखवायचे. एकच फोटो मोठा घे, बाकीचे मुठीएवढे. सगळे सारखे केलेस तर नजर भिरभिरते. चेहरा घडीवरून नेलास तरी नाक घडीत घालू नको, दुमडतं. चेहऱ्याची नजर पानाच्या आत वळलेली पाहिजे, बाहेर नाही, नाहीतर वाचणाराही बाहेर जातो. मथळा डोळ्यांच्या जवळ. लाल रंग एकाच जागी. आणि थोडी जागा मोकळी सोड, तिला भिऊ नको.

मला हे काम फार आवडलं. दोन पानं जुळली की पोटात गार वाटायचं. आंब्यावरचा लेख, यात्रेवरचा लेख, नव्या रस्त्याचा लेख. मी लावलेली पानं लोक बसमध्ये उघडून बसलेले दिसायचे. मी मागच्या सीटवरून त्यांचा अंगठा बघायची.

मासिकाच्या वर्धापनदिनाचा अंक जवळ आला. सरांनी कपाटातून एक जुना अंक काढला, मधोमध उघडला आणि माझ्यासमोर ठेवला. "हे बघ. हे मी काढलेलं. अजून लोक आठवण काढतात. यातून शीक."

मी होते ती.

फ्रेममध्ये नुसती दोन पानं होती, मासिकाचं नाव नव्हतं. आणि टाकीजवळच्या त्या माणसाचा चेहरा मला कॅमेऱ्यामागं दिसलाच कुठे होता? आता तो माझ्या शेजारी उभा होता आणि पेन्सिलीनं माझे डोळे दाखवत होता. "भूक कुणी बघत नाही गं. भूक काय, रोजचीच. भीती बघतात. घाबरलेल्या डोळ्यांवरून अंगठा पुढं सरकत नाही. हे डोळे मिळवायला लागतात."

सर माझ्याकडे बघत नव्हते. पानाकडे बघत होते. माझा चेहरा हातभर अंतरावर होता आणि त्यांना छापलेलाच दिसत होता. मी "हो सर" म्हणाले. बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि तोंडावर हात दाबून उभी राहिले. नोकरी गेली तर खोली गेली, खोली गेली तर परत डोंगर. भीतीला एवढंच येतं, पुढचं पुढचं दाखवायला.

सरांना नव्या अंकासाठी तसंच काहीतरी हवं होतं. माझ्या अर्जावर गावाचं नाव होतंच. "तुला त्यांची भाषा येते ना? चल," म्हणाले. मी गेले. तळोद्याहून जीप केली. वर चढताना ओळखीचे वास यायला लागले आणि मी रुमाल नाकाला लावला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "काय बाई, गाडी लागी ऱ्हायनी का?" मी मान हलवली. गाडी लागत नव्हती.

पाडा जवळजवळ रिकामा. मोठी माणसं उसाला गेलेली. एका कुडाच्या घरासमोर आठनऊ वर्षांची पोर उभी होती, कडेवर भाऊ. सरांनी कॅमेरा काढला आणि ती हसली. मोकळं, दात दाखवून. सरांनी बराच प्रयत्न केला. ती जास्तच हसायला लागली, मग तिचा भाऊही. असं सुंदर हसू मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

सरांनी कॅमेरा खाली घेतला. मला बाजूला बोलावलं आणि अगदी सहज, चहा सांगावा तसं म्हणाले, "तिला तिच्या भाषेत सांग, आईबापाची गाडी उलटली म्हणून. एक मिनिटाचं काम. नंतर सांगून टाकू, खोटं होतं."

ती पोर माझ्याकडे बघत होती. मी येताना तिच्याशी पावरीत दोन शब्द बोलले होते, म्हणून तिला मी तिची वाटत होते. मी जे सांगेन ते ती खरं मानणार होती. माझ्या तोंडून. आमच्या भाषेत. तिला हिवाळाभर पुरेल असं.

मी तिच्यापाशी गेले आणि पावरीत म्हणाले, "हा माणूस मला सांगतोय, तुझ्या आईबापाची गाडी उलटली असं सांग म्हणून. ते खोटं आहे. आईबाप बरे आहेत. कुणीही येऊन तसं म्हणालं तर मानू नको. घरात जा, दार ओढून घे." तिचं हसू गेलं. तेवढं तरी माझ्या हातून गेलंच. पण ती रागानं सरांकडे बघून आत गेली आणि तिनं दार ओढलं.

"काय सांगितलंस तिला?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. मग तेही सांगितलं. "सर, त्या जुन्या अंकातली पोर मी आहे. आईचं मलाही असंच सांगितलं होतं. तुम्ही समोर होतात."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता मान खाली जाईल. ते एक पाऊल मागं सरले. एक डोळा बारीक केला. ती नजर मला माहीत होती. ते पानं लावत होते.

"डावीकडे तेव्हाची तू," ते म्हणाले. "उजवीकडे आत्ताची. मधे एक अक्षर नको. लोक अंक खाली ठेवणार नाहीत." कॅमेरा वर आला. "हलू नको. डोळे असेच ठेव."

डोळे तसेच होते, मला माहीत होतं. मी भ्यालेलीच होते. मी पुढं झाले आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तळवा ठेवला.

"नाही."

"अगं, तुझंच नाव होईल."

"नाही. आणि डावीकडचाही नाही. तो परत छापायचा नाही."

"तो फोटो मासिकाचा आहे," सर म्हणाले. आवाज आता वेगळा होता. "आणि तू उद्यापासून येऊ नको."

ते जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बठ ना. आठून तळोदा लांब शे." मी बसले नाही. जीप वळणाआड गेली आणि मी तिथंच खाली बसले. रडले. भीतीनंच रडले, उगाच शूरपणा कशाला सांगू.

अंक यायचा आहे. डावं पान छापणार, असा निरोप सरांनी पाठवला आहे. छापू देत. मला दोन पानं थांबवता येत नाहीत, पण ती कशी लावतात हे मला येतं, आणि लोक कुठं थांबणार हेही माहीत आहे. अंक येईल त्या दिवशी मी बसस्टँडवर उभी राहणार. जो जो त्या डोळ्यांपाशी थांबेल, त्याच्या शेजारी जाऊन सांगणार, हे डोळे कसे मिळवले. कुणी मिळवले. तेव्हा माझं काय झालं, तेही. आजवर आईलासुद्धा न सांगितलेलं. आईला मी आधी सांगणार.

तिथं माझा आवाज कापेल, लोक हसतील, कुणी हाकलूनही देईल. मी घाबरत घाबरत सांगेन. पण माझं नाव सांगून सांगेन, आणि आधी आमच्या भाषेत सांगेन.