दिन्याचा डबा

कॉम्प्युटर वर्षभरानं उघडला की आत धूळ सापडते. कुणी मुद्दाम आणून टाकलेली नसते, पण असते. आमच्या दुकानातले किस्से तसेच साठले. आम्ही तिथे धंदा करायला बसलो होतो, किस्से जमवायला नाही. पण धंद्याचं विचाराल तर सांगण्यासारखं फार नाही, आणि किस्से ऐकायचे असतील तर आधी चहा मागवा.

आम्ही म्हणजे दिन्या आणि मी, मंग्या. पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान. दिन्या कॉम्प्युटर जोडायचा, मी गिऱ्हाइकाशी बोलायचो. ही वाटणी फार विचार करून केलेली होती. दिन्या बोलला की गिऱ्हाईक जायचं, आणि मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की कॉम्प्युटर जायचा.

दिन्याला एक खूळ होतं. कुणा परदेशी माणसानं बुटाच्या खोक्याएवढ्या पेटीत तगडा गेमिंग कॉम्प्युटर बसवलेला त्यानं नेटवर पाहिला, आणि तेव्हापासून त्याला मोठं काही बघवेना. सगळ्यात ताकदीचं मशीन सगळ्यात लहान पेटीत बसवायचं, बस्स. कुणी कॉम्प्युटरचा साधा, मोठ्या पेटीचा कॅबिनेट रिपेअरला आणला की आतली मोकळी जागा बघून हा चुकचुकायचा. "यात उंदीर बाळंत होईल," म्हणायचा. एकदा नेऱ्याच्या एका फार्महाउसवरून आलेल्या कॅबिनेटमध्ये खरंच झालेला निघाला, तेव्हा तर त्याला स्वतःचं मत ब्रह्मवाक्य वाटायला लागलं.

गाळा त्याच्या वडलांचा. आप्पा उलव्याकडचे. जमीन विमानतळात गेली, विमान अजून कुणी पाहिलं नव्हतं, पण आप्पांचा बंगला उभा राहिला होता. तीन मजली, गच्चीवर सिमेंटचा गरुड. आप्पांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, मोठ्या आणि फालतू. गाळा त्यांनी दिन्याला गणपतीपर्यंत दिला होता. भाडं नको, हिशोब नको, अट एकच.

"चार मानसांत मला सांगता आला पायजे, माझा पोरगा काय बनवतो तो."

नाही सांगता आलं, तर गाळा चुलतभावाला, फर्निचरच्या दुकानासाठी. सोफे कसे, रस्त्यावरूनच दिसतात. दिन्या हे मला हसत हसत सांगायचा. पण गाळ्यापेक्षा त्या चार माणसांचंच त्याला जास्त लागलं होतं. आपल्या बापानं आपल्याबद्दल कुठे तरी दोन शब्द बरे बोलावेत असं कुणाला वाटत नाही? आणि बापाला अभिमानानं सांगायला सिमेंटचा गरुड लागतो, तर हा काय बनवत होता? डबा.

* * *

पहिला डबा शोकेसमध्ये ठेवला आणि करंजाड्याचा एक फ्लॅट-एजंट आला. डब्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, हा यूपीएस केवढ्याला? मी म्हटलं, यूपीएस नाही, कॉम्प्युटर आहे. तो खाली वाकला, मागून बघितलं, आणि मग शांतपणे विचारलं की सीपीयू कुठे आहे. आता आपल्याकडे सगळ्या पेटीलाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न मला रोजचाच होता. मी म्हटलं, हाच. त्याला किंमत सांगितली. तो स्टुलावर बसला.

मग मी माझं पाठ भाषण केलं. मोठ्या पेटीत असतं ते सगळं यात आहे, उलट दाटीवाटीनं बसवायचं कौशल्य आहे, गरम होऊ नये याची सोय आहे, म्हणून लहान असून महाग आहे. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मी उलव्यात रोज फ्लॅट विकतो. वन आरके टू बीएचकेपेक्षा महाग असतो हे मला अजून एकाही गिऱ्हाइकाला पटवता आलेलं नाही. तुम्हाला जमलं तर मला पण शिकवा."

शेवटी त्यानं एक भला मोठा कॅबिनेट नेला. बाजूला काच, आत निळे लाइट. कॉम्प्युटर म्हणून आत फारसं काही नव्हतं, पण लाइट झकास दिसत होते. दिन्या त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, जणू मीच विकत घेतला होता.

* * *

दिन्याची बोटं म्हणजे नांगर धरणाऱ्या घराण्याची बोटं. आणि त्याच्या त्या डब्यात शेवटची वायर लावायची वेळ यायची तेव्हा आत बोट काय, नजरसुद्धा शिरायला जागा उरायची नाही. पॉवरच्या बटणाची ती टीचभर पिन लावायची राहिली की सगळं पुन्हा उघडा. एकदा तेच झालं. दिन्यानं चिमटे घातले, शिव्या घातल्या, पिन काही बसेना.

शेजारी वैशालीताईंचं ब्यूटी पार्लर होतं. मी त्यांना हाक मारली. त्या आपला भुवया कोरायचा प्लकर घेऊन आल्या, एका खुर्चीत दिन्याला बसवलं, त्याच्या मांडीवर डबा दिला आणि वाकल्या. सवयच ती. म्हणाल्या, वरून घट्ट धरा, खालून ताणून धरा, आणि आता डोळे मिटा.

पिन एका झटक्यात बसली. दिन्या डोळे मिटून बसला होता, तो त्यांनी "झालं हं" म्हणेपर्यंत उघडेना.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक मशीनची शेवटची पिन पार्लरमध्ये लागायची. एकदा एक नवरी मेकअपला बसली होती आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत दिन्या डबा घेऊन नंबर लावून बसला होता. नवरीच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं की यांचं पण आजच आहे का.

* * *

नवीन पनवेलचे एक काका. बँकेतून रिटायर, आणि रेसिंग गेमचं भयंकर वेड. काकूंनी घरात कॉम्प्युटरला फ्रिजशेजारची वीतभर जागा मंजूर केली होती, म्हणून काका आमच्याकडे आले. दिन्याला जीव लावावा असं गिऱ्हाईक वाटलं. त्यानं त्यांना अप्रतिम मशीन बनवून दिलं.

थंडीत तक्रार सुरू झाली. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. आम्ही दोनदा तपासला, दुकानात दिवसभर चालला, काही झालं नाही. शेवटी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. बघतो तर डब्याच्या डोक्यावर, जिथून गरम हवा बाहेर यायची बरोबर त्या जाळीवर, स्टीलचं पातेलं. वर झाकण, झाकणावर दुमडलेला टॉवेल.

दिन्या पांढरा पडला. मी नम्रपणे विचारलं की हे काय आहे. काकू म्हणाल्या, दही. थंडीत विरजण लागतच नव्हतं, आता बघा कसं सुरीनं कापण्यासारखं लागतं. असं म्हणून त्यांनी आम्हा दोघांना वाटीभर दिलंसुद्धा. दही खरंच चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

दिन्यानं समजावलं की हवा कोंडते, म्हणून मशीन बंद पडतं, पातेलं काढा. काकू तयार झाल्या. पण निघताना काकांनी मला जिन्यात गाठलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "पातेलं काढायला लावू नका हो. चाळीस वर्षं ही मला पत्ते खेळू देत नव्हती. आता रोज स्वतः सांगते, जरा वेळ खेळा, दही लागायचंय."

जगातल्या सगळ्यात दाट कॉम्प्युटरची स्वप्नं बघणाऱ्या दिन्यानं मग त्या डब्यावर पातेल्यासाठी तारेचं उंच स्टँड बसवून दिलं. वॉरंटी कार्डावर मी त्याची नोंद केली नाही.

* * *

आता हसू आवरा, कारण पुढचा किस्सा दिन्याला लागलेला आहे.

आप्पांच्या गावाकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरतात. त्या वर्षी आप्पा प्रमुख पाहुणे होते. दिन्याच्या डोक्यात आलं की पहिलं बक्षीस आपल्या दुकानातर्फे द्यायचं. आप्पांच्या हातानं, माइकवर, सगळ्या गावासमोर आपला कॉम्प्युटर दिला जाईल, मग आप्पांना सांगता येणार नाही असं होईलच कसं? आठवडाभर तो त्या एका डब्यावर बसला होता. कडासुद्धा घासून घेतल्या.

स्टेजवर बक्षिसं मांडली होती. माणसाएवढी ट्रॉफी, दुसऱ्या बक्षिसाचा ढब्बू कूलर, आणि मध्ये दिन्याचा डबा, हार घातल्यामुळे नुसता हारच दिसत होता. आप्पांनी तो उचलून जिंकलेल्या टीमच्या कॅप्टनच्या हातात दिला. कॅप्टननं तो कानाशी नेऊन हलवून बघितला. खाली उभ्या दिन्यानं माझा दंड आवळला. मग टीमची कुजबूज झाली आणि कॅप्टननं माइक मागून सांगितलं की दुसऱ्या टीमची हरकत नसेल तर आम्हाला कूलर चालेल.

सगळ्यांनी हरलेल्या कॅप्टनकडे बघितलं. त्यानं माइकसुद्धा घेतला नाही, लांबूनच म्हणाला, "आमी हरलो हाय, पन एवढं नाय हरलो."

मैदान हसायला लागलं. मागून कुणीतरी ओरडलं की आप्पा, पोराचा डबा पोराला द्या, जेवायचा असंल. आप्पा डबा हातात धरून उभे होते. तो कुणाकडे द्यावा ते त्यांना कळेना.

 घरी परतल्यावर गेटाशी गाडीतून उतरताना आप्पा एवढंच म्हणाले की गणपतीआधी गाळा खाली कर. दिन्यानं मला रात्री फोनवर सांगितलं. गाळ्याचं काय एवढं, तो म्हणाला. आप्पांची मान खाली गेली, मंग्या, माझ्यामुळे. मला खूप वाईट वाटलं, आणि काय बोलावं ते सुचलं नाही. बोलायचं काम माझं होतं ना, तरी.

* * *

जायचंच आहे तर एक मशीन मनासारखं करून जाऊ, असं दिन्यानं ठरवलं. आतलं सगळं त्यानं जोडून तयार ठेवलं, आणि यावेळी पेटीसुद्धा बाजारची नको म्हणाला. आपल्या मापाची, एक रेघ मोकळी जागा नसलेली. सलीमचाचांकडे गेलो. चाचा ग्रिल, कपाटं, शिड्या करणारे जुने कारागीर. दिन्यानं कागदावर चित्र काढून सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहून दिली. नुसते आकडे. मिलिमीटर असं कुठे लिहिलं नाही, कारण कॉम्प्युटरवाल्याला दुसरं काही असतं हे ठाऊकच नसतं. चाचांना ते काम फार आवडलं. म्हणाले, "माशाल्ला, आजकालची पोरं इतकं बारीक माप लिहीत नाहीत."

पेटी आली ती टेम्पोतून, चाचांसकट.

चाचा जन्मभर सुतात माप घेत आले होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिलिमीटरच्या तिप्पट. त्यांनी प्रत्येक आकडा सूत धरून इमानेइतबारे कापला होता. बुटाच्या खोक्याऐवजी समोर कपाट उभं होतं. त्याला हँडल लावलेलं, खाली चाकं, आणि हवेसाठी जाळी सांगितली होती म्हणून खिडकीच्या ग्रिलची सुंदर वेलबुट्टी. कॉम्प्युटर आहे म्हटल्यावर चाचांनी कुलपाची कडी आपल्यातर्फे फुकट लावली होती.

ते आत घ्यायला आमचं टेबल बाहेर काढावं लागलं. टेबलावर दिन्यानं जोडलेलं मशीन होतं, ते ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून त्यानं ते त्या कपाटातच एका कोपऱ्यात ठेवलं आणि दार लावून मटकन खाली बसला. आणि नेमके तेव्हाच आप्पा आले. फर्निचरच्या दुकानासाठी गाळा दाखवायला गावची मंडळी बरोबर होती.

आप्पा दारातच थांबले. त्यांनी ते धूड वरून खालपर्यंत बघितलं. जवळ आले, पत्र्यावर टकटक केलं, जाळीवरून हात फिरवला, चाकावर पुढे मागे ढकलून बघितलं. मग मंडळींकडे वळले. गच्चीवर गरुड बसवला त्या दिवशी मी त्यांचा असा चेहरा पाहिला होता.

"कॉम्प्युटर हाय," आप्पा म्हणाले. "माझ्या पोरानं बनवला."

सलीमचाचांनी तोंड उघडलं, मी त्यांच्या पायावर पाय दिला. दिन्या उठून उभा राहिला होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला हसूही फुटत होतं, आणि दोन्हीपैकी काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

मंडळींतल्या हाशाकाकांनी हँडल धरून दार उघडलं. आत डोकं घातलं, सगळीकडे बघितलं आणि डोकं बाहेर काढलं.

"आप्पा, ह्यात तर काय नाय. कोपऱ्यात टिफिन हाय."

 आप्पांनी वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दिन्याकडे बघितलं. दिन्यानं मान खाली घातली.

आप्पांनी दार हळूच लावून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून मंडळींसमोर उभे राहिले.

"काय नाय कसा? पोराचा हाय," ते म्हणाले. "वाढत्या अंगाचा शिवलाय."