टेबल वर गेलं

चहा पुढे आला की फ्रेममामा आधी वास घ्यायचे. कुणी "वा!" म्हटलं की मागे वळून बघायचे, दुसऱ्या कुणाला म्हणालं की काय. पेन्सिल कानामागे असायची, पण कुणी उसनी मागितली की "नाहीये" म्हणायचे. आणि कुणी गोड बोलायला लागलं, की चष्मा कपाळावर चढवून त्याच्या तोंडाकडे नुसते पाहत राहायचे.

कलासंग्रहालयाच्या तळघरात फ्रेममामा चित्रांच्या चौकटी बनवत. सगळी नोकरी त्याच एका खोलीत गेली. खोलीला खिडकी नव्हती, पण खोली त्यांची होती.

नव्या संचालकबाई स्वतः जिना उतरून आल्या, तेव्हाच मामांच्या मनात पाल चुकचुकली.

"मामा, संग्रहालय बदलतंय," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं इथे फक्त चित्रकारांची नावं लागली. ज्यांच्या हातांवर हे सगळं उभं आहे, ते कुणाला दिसलेच नाहीत. तुमचं टेबल आपण वरच्या दालनात मांडू. तुम्ही तिथेच काम करा. लोक बघतील."

"आणि ही खोली?"

"इथे ओल किती आहे मामा!"

ओल पहिल्या दिवसापासून होती. ती आजवर कुणाच्या नजरेत आली नव्हती.

घरी बायको हसली. "कुणी विचारत नाही म्हणून जन्मभर कुरकुरलात. आता विचारताहेत, तर त्यातही काळंबेरं?"

"विचारताहेत की उचलताहेत, तेच बघतोय."

"बघा मग. पण नवा शर्ट घालून बघा."

टेबल वर गेलं. पांढऱ्या भिंती, वरून दिव्यांचे झोत. स्वतःचंच टेबल मामांना परक्याच्या घरी आल्यासारखं वाटलं. लोक हलक्या आवाजात बोलत, फोटो काढत. एक बाई म्हणाल्या, तुमचे हात किती सुंदर आहेत. मामांनी हात खिशात घातले.

समोर नव्या चित्रकाराचा भिंतभर व्हिडिओचा पडदा होता. त्यावर समुद्र हलत होता.

"याला फ्रेम लागत नाही," मामा रखवालदाराला म्हणाले. "पुढच्यालाही लागणार नाही."

"तुम्ही ना मामा, देव भेटला तरी ओळखपत्र मागाल."

"मागणारच."

बाईंच्या मदतनीस मुलीनं मापं आणून दिली. मामांनी लाकूड कापलं, तीन कोपरे जोडले. चौथा ते कधी आधी जोडत नसत. चित्र एकदा चौकटीत धरून बघायचं, मग कोपरा बंद करायचा.

"चित्र आणा," ते म्हणाले.

"कुठलं, मामा?"

"ज्याची मापं दिलीत, ते."

मुलगी गोंधळली. "तसं चित्र नाहीये. लोकांना तुम्ही काम करताना दिसायला हवं ना, म्हणून मीच काहीतरी मापं..."

मामांनी सरसाचा ब्रश खाली ठेवला. जिना उतरून गेले.

तळघरातल्या त्यांच्या खोलीच्या भिंती ताज्या रंगवलेल्या होत्या. मधोमध कॉफीचं मोठं यंत्र, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दोन माणसं खुर्च्या लावत होती.

"काका, जरा बाजूला होता का?"

मामा बाजूला झाले. तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, पुढेही नाहीत. बाई घरी जाऊन आल्या. "लोक तुम्हाला विचारतात हो," असं अगदी मनापासून म्हणाल्या. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

टेबल अजून वर आहे. त्याच्याभोवती आता दोरी लावली आहे. सरस भांड्यात वाळून दगड झालाय. चौकटीचे तीन कोपरे घट्ट बसलेत, चौथ्यात बोटभर फट आहे.